उजव्या इनपुटचं दुसरं काम

मित्रहो, एफव्ही-वन ही गिटारसारख्या आवाजावर रिव्हर्ब, डिले असे इफेक्ट चढवणारी चिप कीथ बार यांनी घडवली. एमएक्सआर आणि अ‍ॅलेसिस या ध्वनी-उपकरणांच्या कंपन्यांच्या संस्थापकांपैकी ते एक. २०१० साली ते गेले, पण त्यांची चिप घरी गिटारचे इफेक्ट पेडल बनवणाऱ्यांच्या आजही हाताशी असते. घड्याळातला ३२,७६८ हर्ट्‌झचा क्रिस्टल तिला लावायचा. दर सॅम्पलला, म्हणजे आवाजाच्या प्रत्येक मोजणीला, प्रोग्रॅमच्या १२८ सूचना चालतात आणि मेमरीत बरोबर एक सेकंदाचा आवाज मावतो.

नॉब मात्र तीनच. रिव्हर्बचा, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाचा, प्रोग्रॅम लिहायला बसलात की लांबी, टोन आणि मिश्रण यातच ते संपतात. त्याच वेळी गिटार मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचं, असल्यामुळे चिपच्या डाव्या-उजव्या इनपुटांपैकी उजवं ऑडिओ इनपुट रिकामं बसलेलं असतं. मला ही उधळपट्टी वाटते. ते इनपुट चिप प्रत्येक सॅम्पलला वाचते, म्हणजे सेकंदाला ३२,७६८ वेळा. इतका चपळ नियंत्रक आपण जमिनीला जोडून टाकतो.

मग तिथे सरळ चौथा पॉट, म्हणजे नॉबखालचा बदलता रोध, का लावू नये? अडचण कपॅसिटरची आहे. ऑडिओ इनपुटच्या वाटेत तो असतोच, आणि पॉटचा स्थिर व्होल्टेज त्याच्यापलीकडे जात नाही. नॉब फिरवताना क्षणभर हालचाल दिसेल, हात थांबला की पुन्हा शून्य.

यावरचा उपाय मला फार आवडतो. स्थिर व्होल्टेज जात नसेल तर सूर पाठवा. उजवं आउटपुटही मोकळंच आहे. दोन रजिस्टर (चिपमधले आकडे ठेवायचे कप्पे) एकमेकांत गुंतवून चिपमध्येच साइन ऑसिलेटर करा. सुरुवातीची किंमत एकदा भरली की पाच सूचनांत तो चालतो. गुणक ०.२ ठेवला तर सूर साधारण १,०४० हर्ट्‌झचा येतो. तो उजव्या आउटपुटमधून पॉटवर न्या, पॉटच्या मधल्या पायावरून उजव्या इनपुटला परत आणा. आता नॉबची जागा म्हणजे सुराचा जोर. आत आल्यावर एबीएसए या सूचनेने ऋण बाजू धन करा आणि आरडीएफएक्स या सूचनेचा लो-पास, म्हणजे जलद चढउतार गाळणारा फिल्टर, ०.००१ गुणकाने लावा. त्याचा कालांक (बदलाला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ) सुमारे ३० मिलिसेकंद, हाताला पुरेसा जलद. साइनची अशी सरासरी शिखराच्या ०.६४ पटच भरते, म्हणून शेवटी साधारण १.५७ ने गुणून घ्या. हा सूर डाव्या बाजूला झिरपू नये म्हणून त्या तारा गिटारच्या तारेपासून लांब ठेवा. पातळीही बेताचीच ठेवा, कमी पडलेलं आत गुणून भरून काढता येतं.

पण या इनपुटचं खरं वैभव नॉबच्या पुढे आहे. तिथे दुसरा जिवंत आवाज जोडा. डाव्या बाजूला गिटार, उजव्या बाजूला गायकाचा माइक, अर्थात प्रीअ‍ॅम्पमधून. मॅक्सएक्स ही एकच सूचना त्या आवाजाचं शिखर धरून ठेवते, गुणक ०.९९९८ दिला तर ते दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास ओसरतं. १ या आकड्यातून ही किंमत वजा करायची आणि उत्तराने डिलेचा, म्हणजे गिटारच्या प्रतिध्वनींचा, आवाज गुणायचा. गायक गाऊ लागला की गिटारचे प्रतिध्वनी मागे सरतात, श्वासाला थांबला की पुन्हा भरून येतात. शब्द स्पष्ट ऐकू येतात आणि कुणाला पायाने काही दाबावं लागत नाही.