दुखणं गायीचं, मरण गिधाडाचं

(टेम्पो कच्च्या रस्त्याने डोंगर चढतोय)

टेम्पोत ताडपत्रीखाली म्हैस आहे. काल रात्री गेली. मालकाने फोन केला, वनविभागाची माणसं आली आणि त्यांनी म्हैस कशाने मेली हे नंतर विचारलं, आधी विचारलं की गेल्या पंधरा दिवसांत सुई कुठली मारली होती. मालकाला औषधाचं नाव काही आठवेना, मग त्याने गोठ्याच्या वळचणीत खोचून ठेवलेली रिकामी बाटली काढून दिली. लेबल वाचून झालं, मान हलली, तेव्हा कुठे म्हैस टेम्पोत चढली.

त्या बाटलीकडे नीट बघून ठेवा, सगळी भानगड तिच्यातच आहे.

जागा कुठली ते सांगणार नाही, कोकणातला एक डोंगर एवढं पुरे. घरट्यांचा पत्ता एकदा मोबाईलवर फिरला की रविवारी खाली गाड्यांची रांग लागते आणि ड्रोन उडायला लागतात. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे ते एक गेलं की त्या जोडीचं वर्ष गेलं.

(जाळीचं कुंपण, आत उघडा माळ)

याला सगळे गिधाडांचं रेस्टॉरंट म्हणतात. नाव चकचकीत आहे, प्रत्यक्षात कुत्री आत येऊ नयेत म्हणून घातलेली जाळी, मधे मोकळा माळ आणि कडेला दोन-चार वाळकी झाडं. मोकळाच लागतो, कारण गिधाडाला उतरायला आणि मुख्य म्हणजे पोट भरल्यावर पुन्हा उडायला धावपट्टी लागते. म्हैस उतरवली की आधी कातडं सोलतात. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला म्हशीचं जाड कातडं फाडणं जड जातं, सोललेलं नसेल तर बिचारी डोळ्यांपासून आणि मागच्या बाजूने, जिथे मऊ लागेल तिथून सुरुवात करतात आणि सगळ्याला वेळ लागतो. सोलणारे दोघंजण रोजंदारीवरचे आहेत. हात सराईत चालतात, सुरी मधेच दगडावर घासून घेतात, तोंडावर गमछा बांधलेला. वास काय असतो ते व्हिडिओत येत नाही ते बरंच आहे.

मग सगळ्यांनी लांब जाऊन बसायचं.

सकाळचे आठ. कावळे आले. एक घार दोन घिरट्या मारून गेली. गिधाडाचा पत्ता नाही, आणि एवढ्यात तो असणारही नाही, कारण चार-सहा किलोचं अंग आणि सहा-सात फुटांचे पंख नुसते हलवून हवेत ठेवणं परवडत नाही. ऊन तापायला लागतं, जमीन गरम होते, हवा वर चढते, त्या हवेवर पंख पसरून गिधाड गोल गोल वर जातं आणि तिथून खाली बघतं. वास घेत नाही ते, नजरेने शोधतं. आणि नुसतं खालीच बघत नाही, आजूबाजूच्या गिधाडांवरही डोळा असतो, एक खाली झुकलं की त्याला बघून दुसरं, त्याला बघून तिसरं, असं करत कितीतरी लांबच्याला निरोप पोचतो. आता विचार करा, आभाळात मुळात गिधाडंच विरळ झाली तर हा निरोप कोण कुणाला देणार?

(पहिलं गिधाड उतरतंय, स्लो मोशन)

हे बघा. पाय पुढे, पंख मागे ओढलेले, आणि धपकन. पहिलं नुसतं बसून राहतं, दहा मिनिटं काही नाही. मग दुसरं येतं. मग मोजता येणार नाही इतक्या घाईत सगळं होतं.

मानेवर पिसं का नसतात ते इथे कळतं. आख्खी मान बरगड्यांच्या आत जाते, बाहेर येते, लाल ओली, पिसं असती तर चिकटून सगळं कुजलं असतं. एकाने आतड्याचं टोक धरलंय, दुसऱ्याने तेच दुसरीकडून धरलंय, दोघं मागे मागे सरतायत आणि तिसरं मधून तोडून नेतंय. फुसफुस, चिरके आवाज, एकमेकांच्या पाठीवर उड्या. पोटातलं आम्ल इतकं जहाल की सडलेल्या मांसातले बहुतेक जंतू तिथेच खलास होतात. मोठा थवा असेल तर अर्ध्या-पाऊण तासात जनावराचा सांगाडा उरतो. नंतर पोटं एवढी जड होतात की काहींना लगेच उडताच येत नाही, ती पंख पसरून उन्हात बसून राहतात.

लोकांना हे बघवत नाही, आम्हाला मान्य आहे. वाघाने हरीण फाडलेलं आपण कौतुकाने शेअर करतो, त्याचे वॉलपेपर लावतो. हे मेलेलंच खातं, कुणाला मारत नाही, तरी तोंड वाकडं.

(जुने फोटो, झाडावर मान टाकून बसलेली गिधाडं)

आता बाटलीकडे येऊ. १९८० च्या आसपास भारतात गिधाडांची संख्या कोटींमध्ये होती. नव्वदच्या दशकात राजस्थानातल्या भरतपूरला बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) विभू प्रकाश यांच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. गिधाडं झाडावर मान खाली टाकून बसून राहतात, बरेच दिवस तशीच, आणि एके दिवशी खाली पडतात. घरटी रिकामी. आधी सगळ्यांना वाटलं व्हायरस असणार, त्याचाच शोध चालू होता, विष असेल, उपासमार असेल, सगळं तपासून झालं. कोडं सुटलं ते पाकिस्तानात. अमेरिकेतले पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या टीमने मेलेली गिधाडं उघडली तर आतल्या अवयवांवर चुन्याचा हात मारल्यासारखा पांढरा थर, ते युरिक ॲसिड होतं. किडनी फेल. आणि ज्यांच्या किडन्या फेल त्यांच्या अंगात एकच औषध सापडत होतं, डायक्लोफिनॅक. २००४ ला हे छापून आलं.

डायक्लोफिनॅक म्हणजे पेनकिलर. आपण गुडघा दुखला की घेतो तीच. बैल लंगडतोय, गायीचं आचळ सुजलंय, म्हैस उठत नाहीये, डॉक्टर येतो, सुई मारतो, जनावराला आराम पडतो. स्वस्त औषध, घरोघरी पोचलं. त्यातली काही जनावरं तरीही मरायची, गावाबाहेर टाकली जायची, आणि ते मांस खाऊन गिधाडं. एका म्हशीवर पन्नास गिधाडं बसतात हे आत्ता बघितलंच, म्हणजे एक सुई किती जणांना पुरली ते बघा. शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला तेव्हा निघालं की दर ७६० मेलेल्या जनावरांत एक जरी असं विषारी असलं तरी एवढी घसरण व्हायला पुरेसं आहे. १९९२ ते २००७ मध्ये देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के संपली. हजारातलं एक उरलं.

इथे आम्हाला सगळ्यात जास्त अडखळायला होतं. कारण यात खलनायक सापडत नाही. शिकारी नाही, जंगलतोड करणारा ठेकेदार नाही, कुणाला गिधाडांशी वैर नव्हतं. शेतकऱ्याला आपल्या गायीचं दुखणं बघवलं नाही एवढंच झालं. चांगलीच गोष्ट केली त्याने. पण ती चांगली गोष्ट गोठ्याच्या उंबऱ्यापाशी थांबली नाही, गायीच्या अंगातून माळावर गेली आणि माळावरून आभाळात, आणि तिथपर्यंत बघायची सवय ना शेतकऱ्याला, ना औषध काढणाऱ्याला, ना परवानगी देणाऱ्याला. निसर्गावर प्रेम करा वगैरे सांगणं सोपं असतं, इथे प्रेम होतंच की, गायीवर.

२००६ ला जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या मेडिकलमध्ये मिळतच होत्या, त्या गोठ्यात जायला लागल्या, मग २०१५ ला माणसांसाठीचं इंजेक्शन ३ मिलीच्या एका डोसपुरतंच ठेवलं. मग केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही दुसरी पेनकिलरही तशीच निघाली, त्यांच्यावर बंदी यायला २०२३ उजाडलं. एक दार लावलं की दुसरं उघडं.

(रोजंदारीवरचे दोघं हात धुतायत)

अजून एक. पूर्वी प्रत्येक गावाबाहेर गिधाडं असायची हे जुनी माणसं फार हळवं होऊन सांगतात, आम्ही घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक बाइटमध्ये ते आहे. पण मेलेलं ढोर त्या माळापर्यंत ओढून कोण न्यायचं हे त्यात येत नाही. ते काम गावाने ज्यांच्यावर लादलं होतं त्यांनाही गावाबाहेरच ठेवलं होतं. याच कोकणात, महाडच्या परिषदेत १९२७ ला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा म्हणून सांगितलं, आणि बरोबरच सांगितलं. त्यामुळे जुनं संतुलन परत आणू असं कुणी म्हणालं की आमचा पहिला प्रश्न असतो, ओढणार कोण, आणि किती पगारावर? इथे निदान मजुरी मिळते. ग्लोव्हज मात्र शूटच्या दिवशी तरी दिसले नाहीत.

गिधाडं गेल्याने काय झालं तर कुत्री वाढली, रेबीज वाढला, पाणी खराब झालं, मुंबईत पारशी समाजाला दोखम्यावर, म्हणजे जिथे ते मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात तिथे, सोलर यंत्रणा बसवावी लागली आणि २००० ते २००५ या काळात देशात यामुळे सुमारे ५ लाख जास्तीची माणसं मेली असा एक अंदाज अर्थशास्त्रज्ञांनी मांडलाय. हा आकडा ऐकला की लोक एकदम गंभीर होतात, अरे बापरे, मग वाचवायलाच पाहिजे. आम्हाला त्याचा थोडा रागच येतो. समजा उद्या कुणी दाखवून दिलं की गिधाडाचं काम मशीन करतं, मग काय, मरू द्यायची? आपल्या आधी लाखो वर्षं ती इथे आहेत, कुणाची सफाई कामगार म्हणून नोकरीला लागलेली नाहीत.

(पिंजऱ्यातलं पिल्लू, मग जीपीएस लावलेलं गिधाड)

हरियाणात पिंजोरला २००१ पासून केंद्र चालू आहे, तिथे गिधाडांची पैदास होते. तिथली काही २०२४ ला आपल्याकडे पेंच आणि ताडोबात आणली, पाठीवर जीपीएस लावून सोडली. ताडोबातलं एक फिरत फिरत तमिळनाडूपर्यंत गेलं. म्हणजे एका जंगलात कुंपण घालून हे प्रकरण मिटणारं नाही, मधल्या प्रत्येक जिल्ह्यातल्या प्रत्येक गोठ्यात काय सुई मारली जाते त्यावर सगळं आहे.

औषध आहे. मेलॉक्सिकॅम, तेच काम करतं, गिधाडाला काही होत नाही, बहुतेक ठिकाणी मिळतं. टॉल्फेनॅमिक ॲसिडही चालतं. तर घरी गुरं असतील आणि डॉक्टर सुई भरत असेल तर बाटली हातात घेऊन नाव वाचा, वाचता येत नसेल तर पोरांना वाचायला सांगा. आणि जनावर गेलंच तर खड्डा खणायच्या आधी वनविभागाच्या १९२६ वर फोन करून विचारा की जवळपास गिधाडांची जागा आहे का. बाटली फेकू नका, ती लागेल.