काळ, वेळ आणि पारसिकचा बोगदा

नमस्कार मंडळी. फळ्यावर विषय लिहिलाय 'कालप्रवासाचं भौतिकशास्त्र', आणि तिथे मी येणारच आहे. पण आधी एक सिनेमा. मघाशी चहाच्या वेळी विचारलं तेव्हा बहुतेकांनी तो पाहिलाय असं कळलं, म्हणून सगळी गोष्ट सांगत नाही. 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम'. २६ एप्रिल २०१९ ला आपल्याकडे लागला. लांबी तीन तास एक मिनिट. मी तो त्याच आठवड्यात भाच्याबरोबर पाहिला. एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, पण काळाबद्दल इतकं आतून काही वाटलं ते त्या दिवशी.

मालिकेतला तो बाविसावा सिनेमा. आधीच्या एकवीसपैकी मी एकही पाहिलेला नव्हता. भाचा तेव्हा चौदा वर्षांचा. डोंबिवलीहून ठाण्याला जाणाऱ्या फास्ट लोकलमध्ये दाराजवळ उभं राहून त्यानं मला एकवीस सिनेमे सांगितले. विश्वशक्तीचे सहा मणी मोजताना त्याची पाच बोटं संपली, म्हणून सहावा मणी माझ्या अंगठ्यावर आला. थानोस या खलनायकानं ते सहाही मिळवून चुटकी वाजवली आणि अर्धी जीवसृष्टी राख होऊन उडून गेली. "आत्या, चुटकी तेवढी लक्षात ठेव, बाकीचं मी कानात सांगतो." इतक्यात गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली. त्या धडधडाटात काही ऐकू येईना, म्हणून तो थांबला. पलीकडे उजेडात आल्यावर म्हणाला, "आणि हा आपला क्वांटम टनेल." थिएटरात त्या टनेलमधून सिनेमातले नायक ते मणी आणायला भूतकाळात जायला लागले तेव्हा मला त्याचं म्हणणं कळलं.

एक सल इथे सांगते, कारण ती पाच-सहा वर्षं मनात आहे. हा सिनेमा आपल्याकडे इंग्रजीखेरीज हिंदी, तमिळ, तेलुगूत आला. मराठीत नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक आजी नातवाबरोबर आल्या होत्या. दर पाच मिनिटांनी त्यांचा प्रश्न, "काय म्हणाला रे?" नातू बिचारा पडद्यावर जीव लावून बसलेला. शेवटी माझा भाचाच दोघींच्या मधोमध वाकून दोघींना सांगत बसला. चौदा वर्षांच्या मुलानं तीन तासांचा सिनेमा मराठीत केला, तो मोठ्या लोकांना का करता येऊ नये? आणि मध्यंतर! काळाच्या फांद्या कशा फुटतात हे पडद्यावर सांगितलं जात होतं. वर्गात असा क्षण वर्षातून एकदा येतो, सगळ्यांचे डोळे फळ्यावर असतात. नेमके तेव्हाच दिवे लागले आणि मक्याच्या लाह्यांचा माणूस आला.

असो. त्या नायकांपैकी थॉरकडे येऊ. एक मणी आणायला तो २०१३ सालात, आपल्या गावी, असगार्डला जातो. त्याच दिवशी त्याची आई मरणार आहे, हे त्याला माहीत आहे. माझी आई २०१४ च्या डिसेंबरात गेली. मी पोचले तेव्हा चाळीस मिनिटं उशीर झाला होता. ती सकाळ परत मिळाली तर काय काय करायचं, याची यादी माझ्या डोक्यात साडेचार वर्षं तयार होती. थॉरही तेच करू पाहतो. आईला सांगायला तोंड उघडतो, आणि ती त्याला थांबवते. तू तुझं पुढचं नीट करायला आलायस, माझं नाही, अशा अर्थाचं बोलते. निरोप देताना त्याच्या सुटलेल्या पोटाकडे बघून सांगते, की जरा सॅलड खात जा. तुम्ही हसलात. तेव्हा आमचं अख्खं थिएटर हसलं, त्या आजीसुद्धा हसल्या, कारण ते त्यांना भाषांतराशिवाय कळलं. मी मात्र रडत होते. माझ्या आईचं फोनवरचं शेवटचं वाक्य होतं, "ताक घेत जा."

मग दुसरा नायक, टोनी स्टार्क. तो १९७० सालात न्यू जर्सीच्या लष्करी तळावर पोचतो आणि समोर बाप येतो. टोनी अजून जन्मायचाय. बापाच्या एका हातात फुलं आहेत, आणि बायकोसाठी आंबवलेल्या कोबीचा डबा. म्हणजे डोहाळे! मुलगा भूतकाळात जातो आणि त्याला स्वतःचेच डोहाळे भेटतात. आपल्याकडे त्यासाठी एक सबंध शब्द आहे, म्हणून ते दृश्य मराठी माणसाला जास्त लागतं असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता ज्यासाठी मी हे सगळं सांगतेय ते. चुटकीनंतर पाच वर्षं गेलीत आणि तेवढ्यात टोनीला मुलगी झालीय. म्हणून तो मदतीला येताना अट घालतो, की गेलेले परत आणू, पण ही पाच वर्षं पुसायची नाहीत. परतीच्या गाडीत भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आत्या, आजी परत यायला हवी ना? पण मधलं पुसलं तर आपली धाकटी नसेल." त्याची बहीण तेव्हा तीन वर्षांची होती. त्यानंतर बोगदा आला. बोगद्यातून बाहेर आल्यावर माझी ती यादी मी पुन्हा काढली नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, सात मिनिटं. डॉ. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत गंगाधरपंत ज्या दुसऱ्या इतिहासात जाऊन पडतात, तिथे व्याख्यानांना अध्यक्षच नसतात. पण आपण याच इतिहासात आहोत, तेव्हा भराभर सांगते.

पुढे जाणारा कालप्रवास खरा आहे. ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या शास्त्रज्ञांनी सीझियमची चार अणुघड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. जमिनीवरच्या घड्याळांच्या तुलनेत पूर्वेकडे गेल्यावर ती सुमारे ५९ नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) मागे पडली, पश्चिमेकडे गेल्यावर सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. सिनेमातला स्कॉट लँग पाच तासांत पाच वर्षं ओलांडतो, म्हणजे काळाचं प्रमाण ८,७६६ पट. निव्वळ वेगानं हे साधायचं तर प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ९९.९९९९९९३ टक्के वेग लागेल. हिशेब करून बघा, बारावीचं गणित पुरतं.

मागे जाण्याचं अवघड. गणितज्ञ गोडेलनं १९४९ मध्ये आइनस्टाइनच्या समीकरणांतूनच एक फिरतं विश्व काढलं, ज्यात काळाची वाट वळून स्वतःला मिळते. आपलं विश्व तसं फिरताना दिसत नाही. मग आजोबांना मारलं तर नातू कुठून, हा पेच. १९९१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइचनं तो पुंजयामिकीनं, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सनं, सोडवून पाहिला. त्याच शास्त्रातल्या ह्यू एव्हरेटच्या १९५७ च्या मांडणीत जगाच्या फांद्या होतात. तिचा आधार घेतला तर तुम्ही शेजारच्या फांदीवर उतरता आणि तुमचा भूतकाळ जागच्या जागी राहतो. स्टार्कच्या तोंडी डॉइचचं नाव येतं ते उगाच नाही.

आणि नारळीकर सरांनी हेच आपल्या मातीत पेरलं होतं. आपल्या इतिहासात १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागली. त्यांच्या कथेत ती कानाजवळून गेली, तिळाएवढ्या अंतरानं चुकली. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. ही म्हण दोन फांद्यांबद्दल आहे, असं मी वर्गात सांगायचे. एकच काळ एका फांदीवर वेळ घेऊन येतो, दुसरीवर नाही. गंगाधरपंत ते दुसरं जग बघून परत आले, तेव्हा खिशात बखरीचं एक फाटलेलं पान होतं. इथलं पानिपत होतं तसंच राहिलं. सर २० मे २०२५ ला गेले. त्यांना हा सिनेमा कसा वाटला, हे विचारायचं माझं राहून गेलं.

घंटा झाली. मागच्या रांगेतल्या त्या मुलीचा हात मघापासून वर आहे. बोल गं.