नांदूरमधमेश्वर : गाळावरची पंगत

[पहाट. धुक्यात शेकाट्यांचा थवा.]

नाशिक जिल्ह्याला समुद्र नाही. तो राहिला सह्याद्रीपलीकडे. त्र्यंबकेश्वरला उगवलेली गोदावरीसुद्धा त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला निघते. तरी निफाड तालुक्यातल्या नांदूरमधमेश्वरच्या या चिखलात थंडीच्या दिवसांत जे पक्षी उतरतात, तेच ठाण्याच्या खाडीतही दिसतात. गुलाबी पायांचे शेकाटे, मुठीएवढे टिलवे, लांब सरळ चोचीचे मालगुजे.

[बंधारा, वरून.]

गोदावरी आणि कादवा इथे भेटतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी इथे दगडी बंधारा घातला, तो कालव्यांना पाणी मिळावं म्हणून. पक्षी कुणाच्या मनातही नव्हते.

पण बंधाऱ्यापाशी नदीचा वेग मोडला. वाहतं पाणी माती उचलून आणतं. पाणी थबकलं की माती तळाला बसते. जाड वाळू आधी, बारीक गाळ मागाहून. पावसाळ्यामागून पावसाळे थरावर थर चढले. पात्रात बेटं वर आली, मधे उथळ पाणी राहिलं, काठाला पाणकणीस माजलं. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा सगळा तोटाच. आमच्या कॅमेऱ्याला मात्र दुसरीकडे वळावंसं वाटेना.

[चिखलाचा काठ, लांबून.]

कारण या गाळात अळ्या, किडे, गोगलगायी आहेत, आणि पंगत बसते ती पायांच्या उंचीप्रमाणे. टिलवे ओल्या चिखलावर, शेकाटे त्यांच्यापुढे पाण्यात, चमचे आणखी आत.

[अगदी जवळून : चमचा.]

हा चमचा बघा. चोच अर्धी उघडी, पाण्यात बुडवलेली, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. डोळ्यांचं इथे फारसं काम नाही. चोचीला मासा लागला की ती मिटते. मग मान वर, एक हिसका, आणि मासा घशात.

[वारकऱ्यांचा थवा. वर दलदली भोवत्या.]

भोवत्या हा शिकारी पक्षी पाणकणसावरून अगदी खालून घिरट्या घालतो आहे. पाण्यातले काळे वारकरी पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, आधी एकमेकांना चिकटतात, मग पाणी तुडवत एकदम सुटतात. या वेळी भोवत्याच्या हाती काही लागलं नाही.

[पाण्याची पातळी, सकाळ आणि संध्याकाळ.]

वरच्या धरणांतून आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीपाळीने सोडलेलं पाणी, सुटलं की इथली पातळी बदलते. सकाळी जिथे टिलवे चरत होते तिथे संध्याकाळी पाणी असतं. टिलवे दुसरा काठ शोधतात. किती खोल पाणी कधी ठेवायचं, हा निर्णय कालव्यांकडे बघून होतो. आमच्या मते तो थोडा या काठाकडे बघूनही व्हावा.

पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं, राजस्थानातल्या प्रसिद्ध पक्षी अभयारण्यावरून. 1986 मध्ये अभयारण्य झालं, 2020 मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं, राज्यातलं पहिलं. नाशिकचं सांडपाणी आणि त्यावर पोसलेल्या पाणवेली इथवर पोचतात. नदीकाठच्या सायखेडा-चांदोरी गावांत पूर शिरला की पात्र उथळ करणारा हा गाळ उपसण्याची मागणी होते, आणि ती रास्तही आहे.

[चापडगावचा मनोरा.]

बघायला यायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेही सूर्य वर यायच्या आत. चापडगावच्या बाजूला मनोरे आहेत, आणि पक्षी ओळखून दाखवणारी गावचीच मुलं. दुर्बीण नसली तरी या. स्वेटर मात्र विसरू नका, निफाडची थंडी आहे.