येळवशीचं आवतण

मंडळी, येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, म्हटलं की आपल्याला आधी शेंगा-भाज्यांची भज्जी आठवते आणि ज्वारीच्या आंबट आंबिलीची बिंदगी, म्हणजे घागर, आठवते. मी आज त्याच्या आधीच्या कामाबद्दल बोलणार आहे. ते काम आवतणाचं. कुणाला बोलवायचं, कुणी जाऊन सांगायचं आणि आलेल्या माणसाला कुठं बसवायचं.

समोर काही पाहुणे बाहेरच्या जिल्ह्यांतले दिसतात, म्हणून थोडं सांगते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, लातूर-धाराशिवकडची घरंच्या घरं रानात जातात. शाळू पोटऱ्यात आलेला असतो, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडून पांडव आणि लक्ष्मी म्हणून पुजायचे, आंबील पिकावर शिंपडायची आणि मग पंगत. लातूर जिल्ह्यात जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. दुपारी लातूरच्या पेठेत फिरलात तर दुकानांची शटरं खाली दिसतील. ज्याला शेत नाही, तोही कुणाच्या तरी शेतात असतो.

हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला शेत नाही, तो आपणहून तिथं जात नाही. त्याला कुणीतरी सांगावं लागतं, ‘उद्या आमच्याकडं या, लेकरांना घेऊन या.’ आमच्या घरात हे सांगणं सासूबाईंकडं होतं. अमावस्येच्या आधी भज्जीची तयारी चालायची. तुरीच्या शेंगा सोलायच्या, हरभरा, वाटाणा, वाल निवडायचे, गाजरं, बोरं, मेथी, चिंच, सगळं जमवायचं. आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ भिजायला पडलेलं असायचं. हे सगळं बघत बघत त्या गल्लीतून एक फेरी मारून यायच्या. कुणाचा मुलगा नोकरीनिमित्त बदलून आलाय, कोण विधवा बाई एकटी राहते, कुठल्या मास्तरांचं गाव लांब आहे, हे त्यांच्या ध्यानात असायचं. कागद नव्हता. ती सगळी यादी एका बाईच्या डोक्यात होती, आणि घरातल्या कुणाला ते काम आहे असं कधी वाटलंही नाही. स्वयंपाकाचे कष्ट निदान दिसतात, हे दिसत नाहीत.

माझं माहेर निलंगा तालुक्यातलं. आमची एक आत्या बीदरकडं दिलेली. हा सगळा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात एकत्र होता. 1956 साली भाषेवर राज्यं झाली, आम्ही इकडं आलो आणि आत्याचं गाव म्हैसूर राज्यात गेलं. पण येळवस तिकडंही असते, त्यांची कानडी नावाची, त्याच दिवशी. मग आत्यानं माहेरी यायचं कसं? म्हणून वडील सणाआधीच जाऊन तिला भेटून यायचे, येताना तिच्याकडचं काहीबाही आणायचे. सोयरीक टिकवायला कुणीतरी एसटीत बसावं लागतं, एवढं मी त्यांच्याकडून शिकले.

आता किल्लारीचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, तेव्हा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती, वर मातीनं जड झालेली माळवदं. हजारो माणसं झोपेतच गेली. माझ्या मावशीचं गाव त्याच पट्ट्यातलं. त्या वर्षी रब्बी पेरली गेली की नाही, किती पेरली, यावर बोलायचं त्राण कुणात नव्हतं. तरी येळवशीला मावशीच्या उरलेल्या घरातली माणसं पत्र्याच्या शेडमधून निघून शेतात गेली. गाव ढिगाऱ्याखाली होतं, शेत मात्र होतं तिथंच होतं. पूजा कुणी करायची हा प्रश्न आला, कारण जोडीनं बसणारं कुणी उरलं नव्हतं. तेव्हा शेजारच्या वावरातला सालगडी आणि त्याची बायको यांना मावशीच्या दिरांनी हाताला धरून कोपीत बसवलं. एरवी हीच माणसं बांधाच्या पलीकडं बसून जेवायची, आणि त्यांना वाढायचंही लांबून. हे मी इथं मुद्दाम सांगते आहे. जुन्या एकत्र पंगतीचं कौतुक करताना ती खरोखर एकत्र होती का, हे विचारलंच पाहिजे. माणूस आपल्या रानात राबतो आणि सणाला त्याचं पान वेगळं, हे मला मान्य नाही, कधीच नव्हतं.

त्या गावांचं नंतर पुनर्वसन झालं. सरळ रस्ते, ओळीनं घरं, भक्कम छपरं. त्याची गरज होतीच. पण जुन्या गल्लीत उंबऱ्यात उभं राहून जे आवतण पोचायचं, त्याला आता मुद्दाम चालत जावं लागतं. शहरात गेलेल्या आपल्या घरांचंही तेच झालंय. वाटण्या झाल्या, एका बांधाचे तीन झाले. मोबाइलवर सगळ्या भावकीला एकच मेसेज जातो. मी त्याला नावं ठेवत नाही, पण गल्लीतल्या एकट्या बाईला तो मेसेज जात नाही, कारण ती भावकीत नाही.

म्हणून सासूबाई गेल्यावर आम्ही जावांनी बसून एक वही केली. त्यात नावं आहेत: रान नसलेल्यांची, नव्यानं गावात आलेल्यांची, ज्यांच्या घरी त्या वर्षी कुणी वारलंय त्यांची. दरवर्षी एका घराची पाळी. ज्याची पाळी त्या घरातल्या पुरुषानं स्वतः जाऊन सांगायचं, फोनवर नाही. सुरुवातीला कुरकुर झाली. ‘हे बायकांचं’ असं म्हणाले. आता माझा पुतण्या वही घेऊन निघतो तेव्हा त्याला दारोदार चहा मिळतो आणि गावची खबरही तोच आणतो. जेवायला पहिली पंगत रांधणाऱ्यांची असते. वाढायला पोरं.

यंदा पाळी पुण्याच्या धाकट्या दिरांची आहे. त्यांची अडचण वेगळीच आहे. आमच्या शिवारात आता सोयाबीन आणि ऊस, ज्वारी फारशी कुणी पेरत नाही, त्यामुळं कोपीला कडबा मिळत नाही. गेल्या खेपेला साड्या बांधून आडोसा केला होता. तुमच्यापैकी कुणाकडं मागच्या हंगामातल्या पेंढ्या असतील तर कार्यक्रम झाल्यावर मला भेटा. पैसे देऊन नेऊ, आणि येळवशीला तुम्ही आमच्याकडं या. तुमचं नाव मी आत्ताच वहीत लिहून घेते.