पालघरचे आकडे कुठून येतात

1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याकडे स्वतःच्या नावाची जनगणनाच नव्हती; 2011 मध्ये इथली सारी गावे ठाण्यात मोजली गेली होती. तालुक्यांची बेरीज करून लोकसंख्या सुमारे तीस लाख भरली. इथल्या किती बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आहे, किती स्त्रियांना रक्तक्षय आहे, याचे जिल्ह्याच्या नावाने चित्र उमटले ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 मधील पाचव्या फेरीत.

मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था 1992-93 पासून या फेऱ्यांचे काम पाहते. निवडलेल्या गावात किंवा वस्तीत आधी प्रत्येक घराची यादी केली जाते आणि त्या यादीतून ठरावीक अंतराने 22 कुटुंबे घेतली जातात. घराचे छप्पर कशाचे, पाणी कुठून येते, शौचालय आहे का, स्वयंपाक कशावर होतो, हे प्रश्न तिथेच विचारले जातात. निवडलेल्या घराला कुलूप दिसले, तरी त्याऐवजी शेजारचे घर घेण्याची मुभा नसते. हा नियम योग्यच आहे, कारण जी माणसे सहज भेटतात त्यांचेच आकडे जमू लागले, तर पाहणीला अर्थ उरणार नाही. परंतु जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, आणि पथक नेमके त्या दिवसांत पाड्यावर पोहोचले, तर ज्यांची माहिती सर्वांत निकडीची, त्यांचीच दारे बंद असतात.

दुसरी अडचण सरासरीची आहे. 2011 च्या आकड्यांनुसार एकट्या वसई तालुक्यात तेरा लाखांहून अधिक लोक राहत होते, तर मोखाड्यात सुमारे 83 हजार. त्यामुळे इमारतींत राहणारे वसई-विरार आणि डोंगरातले पाडे एकाच टक्केवारीत बसवले जातात, आणि जिल्ह्याचा आकडा सुधारला म्हणून मोखाड्यातील अंगणवाडीची स्थिती सुधारली, असे म्हणता येत नाही. एवढ्या नमुन्यावर तालुक्याचे भरवशाचे अनुमान निघत नाही. पाहणी जिल्ह्यापाशी थांबते, हा तिचा दोष नव्हे. तिच्याकडून गावाचे उत्तर मागणे ही आपली चूक आहे.

गावाला मात्र गावाचाच आकडा लागतो. आदिवासी व डोंगराळ भागात 3,000 लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र आणि 20,000 मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे, आणि ग्रामपंचायतीतील अनुसूचित जमातींच्या जागाही लोकसंख्येच्या प्रमाणातच ठरतात. त्यासाठी जनगणनेवाचून पर्याय नाही. इतकेच काय, पाचव्या फेरीसाठी गावे आणि वस्त्या निवडल्या गेल्या, त्याही 2011 च्या जनगणनेच्या यादीतून. म्हणजे मोजणी जितकी जुनी होत जाते, तितका पाहणीचाही पाया खचत जातो.

पुढील जनगणनेसाठी 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख ठरली असून, घरयादीच्या टप्प्यासाठी एप्रिल ते सप्टेंबर 2026 हा कालावधी ठेवलेला आहे. भिंती, छप्पर, पाणी, शौचालय आणि इंधन यांविषयीचे प्रश्न त्या टप्प्यात नमुन्यातील 22 कुटुंबांना नव्हे, तर प्रत्येक पाड्यावरील प्रत्येक घराला विचारायचे आहेत, आणि या वेळी ती घरे पालघर जिल्ह्याच्या नावाखाली नोंदली जाणार आहेत.