क्लाराचे केस

हे केस पाहा. इटलीतल्या असिसी गावी, संत क्लाराच्या बॅसिलिकेत, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, काचेआड जपलेले. तिचेच, असं परंपरा सांगते.

सन 1212. ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार. सान रुफिनोच्या ह्याच कॅथेड्रलमध्ये उमरावांच्या लेकी नटूनथटून झावळी घ्यायला वेदीपाशी गेल्या. क्लारा जागची हलली नाही. शेवटी बिशपच खाली आले आणि तिच्या हातात झावळी दिली.

त्याच रात्री तिने घर सोडलं. लाकडं नि दगड रचून बंद केलेलं दुसरं दार आपल्या हातांनी मोकळं करून ती बाहेर पडली. वय जेमतेम 18.

टेकडीखाली हे पोर्झिउंकोला. आज भल्यामोठ्या बॅसिलिकेच्या पोटात उभं असलेलं एवढंसं देऊळ. तेव्हा भोवती रान होतं. असिसीच्या संत फ्रान्सिसचे संन्यासी सोबती मशाली घेऊन थांबले होते. वेदीपुढे फ्रान्सिसने तिचे केस कापले. भरजरी कपडे उतरले, जाडाभरडा झगा चढला.

केशवपन म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो. तिथे बाईवर लादलेलं असे. इथे मुलीने स्वतःहून मान पुढे केली. नातेवाईक परत न्यायला आले, तेव्हा तिने वेदीचं वस्त्र घट्ट धरलं आणि डोक्यावरचा पदर काढून दाखवला. ते माघारी गेले.

त्या काळी मुलगी मठात जायची ती बहुधा घरच्यांच्या मर्जीने, आणि मठालाही हुंडा लागे. क्लाराने आपला वाटा विकून गोरगरिबांना दिला होता.

असिसीबाहेरच्या सान दामियानो मठाच्या ह्या भिंतींत ती 40 वर्षांहून अधिक राहिली. इथेच तिने आपल्या भगिनींसाठी मठाचे नियम लिहिले. कुणी मठात यायला आली, तर आधी सगळ्या भगिनींची संमती घ्यायची. लग्न झालेलं असेल, तर नवऱ्यानेही व्रत घेतलेलं हवं. जे असेल ते विकून गरिबांना द्यायचं; जमत नसेल, तर नुसती इच्छाही पुरे. मग केस गोलाकार कापायचे. तीन झगे, एक अंगरखा. वर्षभर पारख, त्यानंतर व्रत. हुंड्याचा शब्द नाही! बाईने बायांसाठी लिहिलेली, पोपची मान्यता मिळालेली ही पहिली नियमावली.

उंबरठ्याबाहेर मात्र ह्या भगिनींना योग्य कारणाशिवाय पडता येत नसे.

9 ऑगस्ट 1253 रोजी पोप इनोसंट चौथे यांनी ह्या नियमावलीला मान्यता दिली. 11 तारखेला क्लारा गेली, ह्याच खोलीत.

आणि हे त्या मान्यतेचं मूळ चर्मपत्र. 1893 साली सापडलं, तिच्याच वस्त्राच्या घडीत.