यममार्गाचा हिशेब

श्रोतेहो, मरणोत्तर प्रवासाविषयी बोलायचे तर गरुडपुराणाइतका सोयीचा ग्रंथ मला दुसरा दिसत नाही, कारण त्यात आकडे आहेत. हल्ली ठाण्यात तलावपाळीवर संध्याकाळी एक फेरी मारली तरी आत्मा म्हणजे ऊर्जा, आत्मा म्हणजे कंपने, असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. पण ती ऊर्जा किती ज्यूल आणि कंपने सेकंदाला किती, असे विचारले की गृहस्थ भेळ घ्यायला निघून जातात. पुराणकार असा पळ काढत नाहीत. वैतरणी वगळता यममार्ग ८६,००० योजने लांब आहे आणि तेराव्या दिवशी निघालेला जीव अहोरात्र चालून रोज २४७ योजने कापतो, असे ते रोखठोक सांगतात.

भागाकार करा: ३४८ दिवस. त्यात आधीचे १३ मिळवले की ३६१ होतात, म्हणजे वर्ष भरता भरता जीव मुक्कामी पोहोचतो. मात्र तिथीने मोजलेले वर्ष ३५४ दिवसांचे असल्यामुळे घरी वर्षश्राद्धाची पाने वाढली जातात तेव्हा तो अजून आठवडाभराच्या वाटेवर असतो. अधिक मास आला तर ही अडचण उरत नाही.

योजन नेमके केवढे यावर एकमत नाही. आपण आठ मैल, म्हणजे सुमारे १३ किलोमीटर धरू. अंतर होते ११ लाख १८ हजार किलोमीटर, चंद्राच्या अंतराच्या जवळपास तिप्पट, आणि वेग ताशी १३४ किलोमीटर. यमाची दिशा दक्षिण. ठाण्याहून नाकासमोर दक्षिणेला निघालेला जीव या वेगाने चौथ्या दिवशीच दक्षिण ध्रुवावर पोहोचेल आणि तिथे त्याची खरी पंचाईत होईल, कारण ध्रुवावरून कुठेही पाऊल टाकले तरी ते उत्तरेलाच पडते. उरलेला अकरा महिन्यांचा रस्ता पृथ्वीबाहेर आहे, असे मानण्यावाचून गत्यंतर नाही.

त्या रस्त्यावरची गर्दीही मोजता येते. जगात वर्षाला सुमारे ६ कोटी माणसे मरतात, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन. सर्वांना हीच वाट लागू आहे आणि सगळे एका रांगेत चालतात असे धरले, तर कोणत्याही क्षणी वाटेवर पावणेसहा कोटी प्रवासी असतात आणि दोघांमध्ये सुमारे २० मीटर अंतर राहते. ताशी १३४च्या वेगाला हे अंतर अर्ध्या सेकंदाचे आहे. पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर काय होते, हे घोडबंदर रस्त्याने इथवर आलेल्यांना मी सांगायला नको. सुदैवाने तिथे जीवितहानीचा प्रश्न नाही.

आता वजनाकडे येऊ. जीवाला वस्तुमान नसते तर सापेक्षतावादाप्रमाणे निर्वात पोकळीत त्याला प्रकाशाच्याच वेगाने जावे लागले असते आणि तो पावणेचार सेकंदांत, पहिला पिंड वळून होण्याआधीच, यमाच्या दारात उभा राहिला असता. ज्याअर्थी त्याला वर्ष लागते, त्याअर्थी त्याला वस्तुमान आहे. अमेरिकेतील डॉ. डंकन मॅक्डूगल यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सहा मरणासन्न रुग्णांना खाटेसकट काट्यावर ठेवले होते. पहिल्याचे वजन मरतेवेळी सुमारे २१ ग्रॅमने घटले, इतरांची आकडेवारी एकमेकांशी जुळली नाही, आणि जगभर गाजला तो पहिलाच आकडा. पंधरा कुत्र्यांच्या वजनात मात्र काहीच घट दिसली नाही. याबाबत युधिष्ठिराचे मत घ्यायला हवे होते.

पुराणात देह सोडणारा जीव अंगठ्याएवढा आहे. मी औषधाच्या मापात पाणी घेऊन अंगठा मुळापर्यंत बुडवला तेव्हा पाणी १८ मिलिलिटरने चढले. २१ ग्रॅम भागिले १८ म्हणजे घनता सुमारे १.१७. वैतरणी रक्तपुवाने वाहते आणि रक्ताची घनता १.०६ च्या आसपास असते, तेव्हा जीव बुडणार हे उघड आहे आणि गाईचे शेपूट धरण्याची तरतूद हवेत केलेली नाही. दहा दिवसांच्या पिंडांनी पुढे हातभर देह तयार होतो, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण त्या देहाचे वजन अजून कोणी केलेले नाही. ज्यांचा अंगठा २० मिलिलिटरच्या वर भरतो त्यांना मात्र गोदान न करताही तरंगता यावे. अर्थात मॅक्डूगल यांच्या काट्याची अचूकता जेमतेम साडेपाच ग्रॅमची होती, त्यामुळे तूर्तास गाईचा खर्च वाचवू नये.